वऱ्हाडचा कापूस आणि आपले कपाट

१/१२
सणासुदीची सवलत सुरू झाली की अमरावती-अकोल्याच्या कापडबाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. जे घरी बसतात त्यांच्या मोबाइलवर तोच बाजार उघडतो. कपाट ओसंडून वाहते, तरी ‘घालायला काही नाही’ ही तक्रार कायम. मित्रहो, कपडा घेताना आपल्याला फक्त किंमत दिसते. बाकीचे दिसेनासे कसे झाले, याचा इतिहास आपल्याच प्रांतात घडला आहे.

२/१२
रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडात कापूस आणि कापड एकमेकांचे शेजारी होते. घरोघरी बायका सूत कातत, कोष्टी-साळी ते विणत. बाळापूरची पागोटी नावाजलेली होती. कापडाला किती हात लागले हे माहीत असल्यामुळे ते जपून वापरले जाई. लुगडे विरले की त्याची गोधडी होई आणि गोधडी फाटली की पोतेरे.

३/१२
१८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. भाव चढले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. पण शेती मात्र दूरच्या बाजाराला कायमची बांधली गेली.

४/१२
१८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा पोहोचला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते. एका बाजारगावाच्या फाट्यासाठी व्हाइसरॉयने यावे, यावरून कापसाचे मोल कळते.

५/१२
त्याच सुमारास कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक याने सरकारी अहवालात हिशेब मांडला होता. रेल्वे आली की विलायती कापड स्वस्तात येईल व देशी कापड मागे पडेल. घरी कातला जाणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल. कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मिळतील. स्वस्त कापड ही आपोआप घडलेली गोष्ट नव्हती. त्यामागे उघड धोरण होते.

६/१२
‘वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड’ असे आपण अभिमानाने म्हणतो. पण ज्वारीची जमीन कपाशीकडे वळत गेली, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत याच सुपीक प्रांताने उपासमार पाहिली. गाठी बाहेर जात राहिल्या. कापूस पिकवणारा आणि कापड नेसणारा यांची ताटातूट झाली ती तेव्हापासून.

७/१२
डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीत भरले. स्वागताध्यक्ष होते दादासाहेब खापर्डे. पुढे १९०५ च्या स्वदेशी चळवळीने सामान्य गिऱ्हाइकाच्या तोंडी एक प्रश्न दिला : हे कापड आले कुठून? विचारपूर्वक खरेदी ही कल्पना आजच्या फॅशनची देणगी नव्हे. आपल्या पणजोबांनी ती राजकारण म्हणून आचरली होती.

८/१२
याच मातीत, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, १८७६ मध्ये गाडगेबाबा जन्मले. चिंध्या जोडून केलेले त्यांचे वस्त्र लोकांना इतके परिचित होते की त्यांना ‘गोधडे महाराज’, ‘चिंधेबुवा’ म्हणत. कीर्तनातून मिळालेल्या देणग्यांतून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. अंगावर मात्र ठिगळेच ठेवली.

९/१२
मात्र येथे सावध राहिले पाहिजे. ठिगळ निवडणे वेगळे आणि ठिगळ लादले जाणे वेगळे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी दलित स्त्रियांना सांगितले की लुगडे नेसण्याची जुनी, जात दाखवणारी पद्धत सोडा, नीटनेटके राहा. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या चांगले वस्त्र नाकारले गेले, त्यांच्यासाठी नवा कपडा हा आत्मसन्मान आहे. काटकसरीचा उपदेश त्यांना करण्याचा अधिकार भरल्या कपाटाला नाही. हा धागा भरल्या कपाटांसाठी आहे.

१०/१२
आता अलीकडचा हिशेब. बोंडातून वेचलेल्या कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते, बाकी सरकी. कताई-कापणीतील घट धरली तर पाव किलोच्या सुती सदऱ्याला सुमारे एक किलो कापूस लागतो. २०२४-२५ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे त्या भावाने सदऱ्यामागे शेतकऱ्याला सुमारे ७५ रुपये, आणि त्यातूनच बियाणे, फवारणी, वेचणी भागवायची. २००६ मध्ये पंतप्रधानांनी ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत अमरावती व अकोला दोन्ही होते.

११/१२
आपण चार सदरे कमी घेतल्याने हमीभाव वाढणार नाही, हे मान्य. तरी दुकानात तीन प्रश्न विचारता येतात. धागा कोणता : कापूस की खनिज तेलापासून झालेला पॉलिस्टर? शिवण उसवली, गुंडी तुटली तर दुरुस्त होईल का? आणि विरल्यावर याची गोधडी होईल का? ज्या कपड्याला तिन्ही उत्तरे नाहीत, तो सवलतीतही महागच. गल्लीतला शिंपी आणि रफूगार अजून आहेत. त्यांना काम द्यावे.

१२/१२
रिव्हेट-कार्नॅकच्या हिशेबात एक गोष्ट गृहीत होती : स्वस्त कापड समोर आले की गिऱ्हाईक कातणाऱ्या हातांचा विचार करणार नाही. दीडशे वर्षे आपण ते गृहीतक खरे ठरवत आलो आहोत. पुढच्या खरेदीआधी घटकाभर थांबून कपाट उघडा, असलेले मोजा, फाटलेले शिवायला द्या. मग हवे असेल तर अवश्य घ्या. पण तो कापूस कुठल्या शिवारातला असेल, हे मनात आणून घ्या.