चोरलेला माणूस आणि विकलेला माणूस

सॉलोमन नॉर्थप याची कथा आमच्या सुशिक्षित कुटुंबांना आतां अपरिचित राहिलेली नाहीं. १८५३ सालीं प्रसिद्ध झालेलें त्याचें आत्मवृत्त ज्यांनीं वाचलें नसेल, त्यांनीं निदान त्यावरून २०१३ सालीं निघालेला चित्रपट तरी पाहिलेला असतो. ह्या कथेवर चार ओळी लिहावयास सांगितलें असतां आमचे विद्यार्थी जें लिहून देतात आणि त्यांचे वडील दिवाणखान्यांत बसून जें बोलतात, तें थोडक्यांत असें : ‘केवढा हा अन्याय! अहो, जन्मानें स्वतंत्र, लिहिणारा-वाचणारा, व्हायोलिन वाजविणारा गृहस्थ; अशा माणसाला गुलाम करावें!’ ह्या उद्गारांतील कळवळा खरा आहे, ह्याबद्दल आम्हांस शंका नाहीं. तारुण्यांत आम्हीहि हेंच लिहिलें असतें. परंतु ‘अशा माणसाला’ ह्या दोन शब्दांत आपण काय कबूल करून बसतों, ह्याचा विचार व्हावयास नको काय? ‘अशा’ माणसाला गुलाम करणें हा अन्याय, तर ‘तशा’ माणसांना केलें तो काय न्याय होता?

हकीकत पाहूं. न्यूयॉर्क संस्थानांतील साराटोगा येथें बायको व तीन मुलांसह राहणाऱ्या नॉर्थपला १८४१ सालीं दोघां भामट्यांनीं सर्कशींत वाद्य वाजविण्याच्या कामाचें आमिष दाखवून वॉशिंग्टनला नेलें. तेथें तो शुद्धीवर आला तेव्हां अंगावर बेड्या होत्या. बर्च नांवाच्या दलालानें त्याला ज्या कोंडवाड्यांत ठेविलें होतें, तो राष्ट्राच्या कायदेमंडळाच्या इमारतीपासून हांकेच्या अंतरावर होता. ‘मी स्वतंत्र आहें’ असें म्हणतांच फटके बसले. पुढें ‘ऑर्लीन्स’ नांवाच्या जहाजांतून न्यू ऑर्लीन्सला रवानगी, ‘प्लॅट’ ह्या नव्या नांवानें विक्री, आणि लुइझिआनांत बारा वर्षें गुलामगिरी.

आतां त्याच कोंडवाड्यांतील एलायझा ह्या स्त्रीकडे वाचकांनीं वळावें. तिलाहि फसवूनच वॉशिंग्टनला आणलें होतें. तुझ्या मुक्ततेचे कागद करून देतों, अशी थाप तिला मारली होती. कागद निघाले ते विक्रीचे. तीहि त्याच जहाजांत चढली. न्यू ऑर्लीन्सला तिचा मुलगा रँडल एकास विकला गेला, ती स्वतः दुसऱ्यास, आणि चिमुकली एमिली दलालानें विकण्यास नाकारून ठेवून घेतली. पुढें ही आई झुरून मेली. जहाज तेंच, दलाल तोच, थापहि एकाच जातीची. परंतु कायद्याच्या डोळ्यांना नॉर्थपच्या बाबतींत गुन्हा दिसतो आणि एलायझाच्या बाबतींत साधा व्यवहार! त्याच जहाजावर आर्थर नांवाचा नॉरफोकचा एक स्वतंत्र गवंडी होता; तोहि पळवून आणलेला. न्यू ऑर्लीन्सच्या धक्क्यावर त्याचे स्नेही येऊन त्याला सोडवून घेऊन गेले. एलायझासाठीं धक्क्यावर कोण येणार, आणि कोणत्या कलमाखालीं?

ही माणसें चोरण्याचा धंदा कांहीं थोड्या बदमाषांची लहर नव्हती. १८०८ पासून परदेशांतून गुलाम आणण्यास अमेरिकेंत बंदी झाली. इकडे दक्षिणेंत कापसाचे मळे वाढतच गेले. आयात थांबली, मागणी चढली, आणि देशांतील काळ्या माणसाची किंमत वर गेली. मग डेलावेअर-मेरीलंडच्या सीमेवर पॅटी कॅननची टोळी बसून राहते, १८२५ सालीं फिलाडेल्फियांतून कोंवळीं मुलें पळवून थेट दूर दक्षिणेंत विकलीं जातात, ह्यांत नवल तें काय? चोरीचा माल खपावयास उघडा बाजार लागतो. तो बाजार कायदेशीर होता, आणि माल घेणारे प्रतिष्ठित होते.

येथें कायद्याचे अभिमानी म्हणतील कीं, कायदा तर अपहरणाच्या विरुद्धच होता. तो कसा होता तें पाहा. १७९३ च्या कायद्यानें मालक म्हणविणारास वाटेल त्या काळ्या माणसास पकडून, तोंडी पुराव्यावरहि, न्यायाधीशाकडून घेऊन जाण्याची सोय करून दिली. पेनसिल्व्हानियानें १८२६ सालीं असल्या अपहरणास आळा घालणारा कायदा केला, तर १८४२ सालीं प्रिगच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें तोच घटनाबाह्य ठरविला. त्या खटल्यांतील मार्गारेट मॉर्गनबरोबर जीं मुलें मेरीलंडला ओढून नेलीं, त्यांतील एक तर पेनसिल्व्हानियांतच जन्मलेलें होतें. १८५० च्या कायद्यानें मात्र कमाल केली. कमिशनरानें माणूस मालकाच्या हवालीं केला तर त्यास १० डॉलर, मोकळा सोडला तर ५. आणि ज्याच्या जन्माचा निकाल लागावयाचा त्याची साक्ष घ्यावयाची नाहीं! नॉर्थप सुटून आल्यावर वॉशिंग्टनच्या कोर्टांत बर्चवर फिर्याद झाली, तेथेंहि काळा म्हणून त्याची जबानी नाकारली गेली आणि बर्च सुटला. पळविणाऱ्या दोघांना १८५४ सालीं पकडलें. १८५७ सालीं तो खटलाहि सोडून देण्यांत आला.

न्यूयॉर्कच्या १८४० च्या कायद्यानेंच नॉर्थप परत आला, हें आम्ही विसरत नाहीं. आपल्या पळविलेल्या नागरिकांना सोडवून आणण्याचें बंधन त्या संस्थानानें स्वतःवर घालून घेतलें, हें भूषणावहच आहे. तसेंच, स्वतंत्र माणसाची कैफियत पुढें करून गुलामगिरीच्या शत्रूंनीं उत्तरेंतील उदासीन जनतेस जागें केलें, ही त्यांची युक्तीहि रास्त होती. पण त्या वेळच्या वकिलाचा युक्तिवाद आज आपण आपलें मत म्हणून कां बाळगावा? महाराष्ट्रांत तर जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेंतील सज्जनांना अर्पण केली, ती त्यांनीं निग्रोंना दास्यांतून मुक्त करण्याच्या कामीं दाखविलेल्या निरपेक्ष बुद्धीस्तव. त्या अर्पणपत्रिकेंत लिहितां-वाचतां येणारे निग्रो आणि न येणारे निग्रो असा भेद नाहीं.

‘पण सारेच मालक तसे नव्हते’ हेंहि आमच्या मंडळींचें आवडतें वाक्य. नॉर्थपचा पहिला धनी फोर्ड दयाळू होता, असें खुद्द नॉर्थपच लिहितो. हाच दयाळू धनी पैशाच्या अडचणींत आला तेव्हां त्यानें नॉर्थपला एका दुष्ट सुताराच्या हातीं विकलें. दयेची मुदत कर्ज होईपर्यंत!

त्याच्या पुस्तकांत आमच्या मतें सर्वांत मोठें दुःख त्याचें स्वतःचें नव्हेच, आणि हें तो जाणून होता. पॅट्सी नांवाची तरुणी दिवसाला ५०० पौंडांपर्यंत कापूस वेची. साबणाचा तुकडा आणावयास शेजारच्या मळ्यावर गेली म्हणून तिचा धनी एप्स यानें तिला उघडी करून, खुंट्यांना बांधून, चाबकानें फोडविली. आणि तो चाबूक प्रथम नॉर्थपच्याच हातीं दिला.

१८५३ च्या जानेवारींत शेरीफला घेऊन न्यूयॉर्कचा वकील मळ्यावर आला. एप्स शिव्या देत राहिला, पण गव्हर्नराच्या अधिकारपत्रापुढें त्याचें कांहीं चाललें नाहीं. नॉर्थप गाडीकडे निघाला तेव्हां पॅट्सी झोपडीमागून धावत आली आणि त्याच्या गळ्यांत पडून, आतां माझें कसें होणार, म्हणून रडूं लागली. गाडी हलल्यावर त्यानें मागें वळून पाहिलें, तों ती मान खालीं घालून जमिनीवर कलंडलेली दिसली. तिच्यासाठीं अधिकारपत्र देण्याचें कोणत्याहि गव्हर्नराला कारण नव्हतें. तिला कोणीं चोरलें नव्हतें.