मोठा आकडा कोणता: ९८ की २०५?

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न तुम्हांला पहिलीच्या वर्गातला वाटेल. पण वेबपृष्ठांसाठी जगभर वापरली जाणारी जावास्क्रिप्ट ही संगणकभाषा, तिला नियम न सांगता आकडे चढत्या क्रमाने लावायला सांगितले, तर २०५ आधी आणि ९८ नंतर ठेवते!

समजा, पावसाळ्यातील एका दिवशी कर्जत व खालापूर तालुक्यांतील चार शाळांनी पाऊस मोजला. नेरळ ६५ मिलिमीटर, कर्जत ९८, खालापूर ११६ आणि खोपोली २०५. हे आकडे एका रांगेत, म्हणजे ‘अ‍ॅरे’मध्ये, भरून ‘सॉर्ट’ ही आज्ञा दिली. उत्तर येते: ११६, २०५, ६५, ९८. शेवटचा आकडा सर्वांत मोठा असे धरणारा विद्यार्थी कर्जतला पहिला क्रमांक देईल. खोपोलीचा पाऊस मात्र मध्येच दडून राहील. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस हा तर भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीतील सर्वांत वरचा वर्ग!

असे का व्हावे? रांगेत आकडे असतील, नावे असतील किंवा दोन्ही असतील. म्हणून वेगळा नियम दिला नाही, तर ही आज्ञा प्रत्येक घटकाला मजकूर समजते आणि शब्दकोशाप्रमाणे डावीकडून एकेक चिन्ह ताडून पाहते. २ हा ९ च्या आधी येतो, म्हणून २०५ हे ९८ च्या आधी. हा यंत्राचा बिघाड नाही. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये ही भाषा तयार केली. १९९७ मधील तिच्या पहिल्या प्रमाणित आवृत्तीतही हाच नियम आहे. तो आता बदलला, तर त्यावर विसंबलेली जुनी पृष्ठे बिघडतील.

यातील धोका ओळखायला हवा. चारही गावांचा पाऊस दोन अंकी असेल, तर हीच आज्ञा अगदी बरोबर उत्तर देते. बेताच्या पावसात चूक दिसतच नाही. काही गावांचा पाऊस शंभरी ओलांडतो, त्याच दिवशी ती उघडी पडते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्या परिसरातील मुलांना पावसाच्या आकड्यांचे मोल वेगळे सांगायला नको.

उपाय सोपा आहे. तुलनेचा नियम आपण द्यायचा: पहिल्या संख्येतून दुसरी वजा करा, उत्तर ऋण आले तर पहिली आधी, धन आले तर दुसरी आधी. ९८ वजा २०५ म्हणजे उणे १०७. म्हणून ९८ आधी.

आमचे मत असे, की शाळेत ‘सॉर्ट’ ही आज्ञा पाठ करून घेण्यापूर्वी शिक्षकांनी मुलांच्या हाती आकड्यांच्या चिठ्ठ्या द्याव्यात, त्या क्रमाने लावायला सांगाव्यात आणि विचारावे, “कोणत्या नियमाने लावल्या?” नियम शब्दांत मांडता आला, की मगच संगणकापुढे बसवावे. परीक्षेतही नुसत्या छापील उत्तराला पूर्ण गुण देऊ नयेत. एक अंकी, दोन अंकी व तीन अंकी आकडे मिसळून आज्ञावली तपासली का, हेही पाहावे. संगणक नियम बिनचूक पाळतो. तो नियम आपल्या कामाचा आहे की नाही, हे मात्र आपणच ठरवायचे असते.