फुटलेली काच आणि 'आयएनजी'

धारहून मांडूला जाताना वाटेत नालछा लागतं. मराठीत या वाक्याला कोणी बोट लावणार नाही. मुलं त्याचं इंग्रजी करतात: 'गोइंग फ्रॉम धार टू मांडू, नालछा कम्स ऑन द वे.' आणि नालछा गावच मांडूला निघतं! आपलं 'जाताना' वेगळा कर्ता खपवून घेतं. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला आलेलं पार्टिसिपल मुख्य वाक्याच्याच कर्त्याला चिकटतं.

मराठा पवार संस्थानिकांच्या काळापासून धार-देवासला स्थिरावलेल्या मराठी घरांतली मुलं घरात मराठी बोलतात, दाराबाहेर हिंदी-माळवी. मराठीत 'फोडणारा', हिंदीत 'तोड़नेवाला'. त्यामुळे कृदन्त त्यांच्या जिभेवर आयतंच असतं. त्यात आपण शिक्षक वर्गात सांगतो, 'हू', 'विच' काढा, क्रियापदाला 'आयएनजी' लावा, एक गुण घ्या. 'द रोड विच लीड्स टू मांडू'चं 'द रोड लीडिंग टू मांडू' बिनतक्रार होतं, आणि इथेच घात होतो. 'द बॉय हू ब्रोक द विंडो वॉज पनिश्ड' या वाक्यात काच फुटून गेली, शिक्षाही झाली. तिथे 'ब्रेकिंग' घातलं की काच अजून फुटतेच आहे असं वाटतं. मराठीतला 'काच फोडणारा मुलगा' कालचाही असतो, उद्याचाही. इंग्रजीत एकदाच घडून संपलेल्या कृतीला 'हू ब्रोक' हवंच.

'आलेला', 'केलेला' यांतल्या 'लेला'चीही तीच गत. ब्रिटिश अधिकारी सर जॉन माल्कमने नालछ्यातली एक जुनी वास्तू डागडुजी करून राहायला घेतली होती. 'द पॅलेस रिपेअर्ड बाय माल्कम' चालेल, कारण अर्थ कर्मणी आहे. 'काल आलेले पाहुणे' मात्र 'द गेस्ट्स कम यस्टरडे' होत नाहीत. 'हू केम' म्हणावंच लागतं. ('फॉलन लीव्हज', 'रिटायर्ड टीचर' हे मोजके अपवाद नामाच्या आधी येतात, ते पाठच करून घ्यावेत.)

माझ्या मते दोष मुलांचा नाही, प्रश्नाच्या घडणीचा आहे. 'रूपांतर करा' असं छापलं की प्रत्येक वाक्याचं रूपांतर होतंच, असं मूल धरून चालतं. तेव्हा पुढच्या चाचणीत पाचांपैकी दोन वाक्यं रूपांतर न होणारी घाला, आणि 'बदल होत नाही' लिहून कारण देणाऱ्याला पूर्ण गुण द्या.