आधी नकाशा भिंतीवर लावा, मगच काठाला हात लावा!

बोदलकसा, तालुका तिरोडा, जिल्हा गोंदिया येथील गावठाण, तलावकाठ आणि जंगलवाटा यांचा ‘विकास आराखडा’ करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या प्रत्येक खात्याला, ठेकेदाराला आणि सल्लागार कंपनीला हा जाहीर इशारा आहे.

ड्रोन उडवा, ‘ग्राम मानचित्र’ या सरकारी नकाशा-प्रणालीवर थर चढवा, ‘ई-ग्रामस्वराज’ या पंचायतींच्या संकेतस्थळावर कामं नोंदवा. त्याला आम्हा गावकऱ्यांची हरकत नाही. २०२० पासून कोणत्याही पंचायतीचा आराखडा घरबसल्या पाहता येतो, ही तर चांगलीच गोष्ट. पण आराखडा मंजूर होऊन पडद्यावर आला की तो बघण्यापलीकडे गावाच्या हाती फारसं काही उरत नाही. गावाचा शब्द मंजुरीआधी लागतो.

ड्रोनला काय दिसतं? छपरं, डांबरी रस्ता आणि १९१७ सालच्या या तलावाचं निळं पाणी. मासेमारी करणाऱ्या ढिवरांचे डोंगे कुठे लागतात, उन्हाळ्यात पाणी हटलं की गुरं कुठून उतरतात, मोह वेचायला बाया कुठल्या वाटेनं जातात, हे वरून कळत नाही. पडद्यावर ती सगळी जागा ‘मोकळी’ दिसते. आणि मोकळी दिसली की तिथे पार्किंग, पेव्हर ब्लॉक आणि सेल्फी पॉइंट आलाच! (हा सेल्फी पॉइंट नेमका कुणी मागितला, हे कुठल्याच गावात कधी सापडत नाही.)

याच जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने मामा (माजी मालगुजारी) तलाव पुन्हा जिवंत करायला घेतले, तेव्हा आधी ढिवरांना विचारलं. कोणती पाणवनस्पती कुठे रुजते, कोणता मासा कशात अंडी घालतो, हे त्या लोकांना तोंडपाठ होतं. देवधान, म्हणजे तलावातला रानभात, कुठे उगवतं हे सांगणारा थर कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये आहे?

आता पळवाटांबद्दल, कारण त्या आम्हाला ठाऊक आहेत. ग्रामसभेचा कोरम म्हणजे १५ टक्के मतदार किंवा १००, यांतला कमी आकडा. १ मेची ग्रामसभा आली की लोक तेंदूपत्त्याला जातात, १५ ऑगस्टच्या सभेच्या सुमारास उरलेली रोवणी आणि निंदण असते. सभा भरत नाही, तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग दहा-वीस सह्यांवर अख्ख्या काठाचं भवितव्य ठरतं. मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला किंवा घरासमोर उभं करून फोटो काढला, म्हणजे संमती मिळाली, असंही कुणी समजू नये. घरात मोबाइल एक असतो आणि तो बहुधा कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात असतो. मग बाईचं मत कोणत्या नंबरवर घेणार?

म्हणून बजावून सांगतो. आराखड्याचा मोठा छापील नकाशा, मराठीत आणि गावातल्या नावांसह, ग्रामसभेच्या किमान सात दिवस आधी चावडीच्या भिंतीवर लागला पाहिजे. आधी महिलांची सभा, मग ग्रामसभा. तिथे प्रत्येक काम मोठ्यानं वाचायचं. लोकांनी सांगितलेली दुरुस्ती लाल शाईनं त्याच नकाशावर करायची आणि तो दुरुस्त नकाशाच संगणकावर चढवायचा. नागझिऱ्याचं जंगल शेजारी आहे, तेव्हा वनहक्क कायदा २००६ आणि वन्यजीव कायद्याचं कलम ३८-व्ही हेही उघडून वाचा. व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्राची हद्द ठरवतानाही ग्रामसभेचा सल्ला घ्यावा लागतो. मग पर्यटकांच्या बाकड्यासाठी तो का नको?

हे झालं नाही, तर परस्पर नोंदवलेलं प्रत्येक काम ग्रामसभेत नावानिशी नामंजूर करू. ठरावाची प्रत गटविकास अधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे जाईल. सभेच्या उपस्थितीची वही, ठरावाची नोंद आणि नकाशा चढवल्याची तारीख माहिती अधिकारात मागू. उत्तराला कायद्यानं तीस दिवस आहेत, एकतिसाव्या दिवशी अपील दाखल होईल. ग्रामसभाच टाळाल, तर ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ७ मध्ये सरपंचाचं पद जाण्याची तरतूद आहे, ती आम्ही वापरू.

मुदत २६ जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत. तोवर तलावाच्या काठावर मोजणीचा चुना पडता कामा नये. पडला तर पंचनामा आम्ही करू.