शौर्याबरोबर माणूसही दाखवा
माझे वडील फौजेत होते. सुट्टीवर आले की त्यांच्या काळ्या ट्रंकेतून आधी आमची पत्रं निघायची, घड्यांवर झिजून फाटायला आलेली. म्हणूनच चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ (१९६४) हा चित्रपट मला जवळचा वाटतो. १९६२च्या भारत-चीन युद्धात लडाखमध्ये लढणारे त्यातले जवान थकतात, माघार घेतात, घराच्या आठवणीनं गलबलतात. जे. पी. दत्ता यांच्या ‘बॉर्डर’मध्येही (१९९७) लोंगेवालाच्या लढाईआधी घरच्या चिठ्ठ्या येतात, तोफांपेक्षा तेच प्रसंग मनात राहतात. ‘उरी’त (२०१९) मात्र मोहिमेचा वेग आणि जोश पुढे येतो. शौर्य जरूर दाखवा. पण जवान आणि त्याचं घर त्या शौर्याची काय किंमत मोजतं, तेही दाखवा. नाहीतर आपण टाळ्या वाजवतो आणि वर्दीतला माणूस विसरतो.