सबसिडीच्या अटींत दोरही हवा

गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं की घरमालक हमखास सांगतो, "स्ट्रक्चर जरा उंच घ्या." खाली वाळवण घालता यावं, चार खुर्च्या टाकता याव्यात. मागणी रास्तच. पण आठ-दहा फुटांवर सांगाडा उभा राहिला, की फिटर कठड्याच्या कितीतरी वर असतो. पायाखाली लोखंडी पाइप, एका हातात पाना, दुसऱ्या हाताने पंचवीस-सत्तावीस किलोचं पॅनेल सावरलेलं. त्यातच वारा सुटला तर पॅनेल शिडासारखं ओढ घेतं. कमरेएवढा कठडा तिथे काय कामाचा?

पत्र्याच्या छपरावर तर धोका पायाखालीच. उजेडासाठी टाकलेला फायबरचा पत्रा धुळीने माखला की सिमेंटच्या पत्र्यात मिसळून जातो. त्यावर पाय पडला, की माणूस थेट खाली.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं लक्ष्य 1 कोटी घरांचं आहे. 3 किलोवॉटला 78 हजार रुपये सबसिडी मिळते; त्यासाठी पॅनेल देशी हवं, आतले सेलही देशी हवेत. सेलचा जन्मदाखला मागणाऱ्या सरकारने वर चढणाऱ्याच्या कमरेला दोर होता का, हेही विचारायला हवं.

कायद्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. 1996 च्या बांधकाम मजूर कायद्यातून 10 लाखांपर्यंतचं स्वतःच्या घराचं काम वगळलेलं होतं. नव्या कामगार संहितेने ही मर्यादा 50 लाखांवर नेली. घरगुती सोलरचा खर्च दोन लाखांच्या आसपास आणि कामाला जेमतेम तीन-चार माणसं, म्हणजे अशी कामं कायद्याच्या कक्षेबाहेरच!

2009 मध्ये कॅलिफोर्नियात तीन मजली इमारतीच्या छपरावरून पडून सोलर बसवणारा कामगार दगावला. त्याचा सरकारी चौकशी अहवाल आजही वाचायला मिळतो. आपल्याकडे असा फिटर पडला तर प्रकरण बहुधा ठेकेदार आणि घरच्यांमध्येच मिटतं.

"पोरं बेल्ट घालत नाहीत," असं ठेकेदार सांगतात. घातला तरी अडकवायचा कशाला? अर्धवट आवळलेल्या पाइपला? आधी स्लॅबमध्ये किंवा जिन्याच्या कॉलमला भक्कम हूक हवा, त्याला दोर हवा, मग बेल्ट. त्या हुकाचा आणि दोर लावून चाललेल्या कामाचा फोटो सबसिडीच्या कागदपत्रांत सक्तीचा करावा. कोटेशनमध्ये केबल, अर्थिंगच्या शेजारी हूक-दोराचीही ओळ असावी. घरमालकाने त्यात घासाघीस करू नये. पुढची पंचवीस वर्षं पॅनेल धुवायलाही कुणीतरी वर चढणारच आहे.