सोनेरी पाकोळी मध्येच कुठे गेली?

मैत्रिणींनो, ह्या खेपेला तलवारबाजीच्या एका चिनी चित्रपटाविषयी बोलायचं आहे. दचकू नका! मारामारीचे चित्रपट म्हणजे मुलांचा आणि त्यांच्या वडिलांचा प्रांत, अशी आपली समजूत असते. पडद्यावर हाणामारी सुरू झाली की आपण कुकर लावायला उठतो. पण हा चित्रपट पाहून झाल्यावर बायकाच जास्त वेळ भांडतात, असा माझा अनुभव आहे, म्हणून तो ह्या सदरात.

चित्रपटाचं नाव ‘कम ड्रिंक विथ मी’. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स ह्या कंपनीनं तो १९६६ साली काढला, दिग्दर्शक किंग हू. गोष्ट साधी आहे. एका सुभेदाराच्या मुलाला दरोडेखोर पळवून नेतात आणि ‘आमच्या पकडलेल्या म्होरक्याला सोडा, मग मुलगा परत देतो’ असा निरोप पाठवतात. सुभेदार फौज पाठवत नाही, मुलीला पाठवतो. ही त्या मुलाची बहीण. तलवारीत तरबेज, पुरुषी वेषात हिंडणारी. लोक तिला सोनेरी पाकोळी म्हणतात. (पाकोळी म्हणजे जुन्या देवळांच्या छताखाली भिरभिरणारा तो चिमुकला पक्षी. क्षणात इथे, क्षणात तिथे.)

आता खाणावळीचा प्रसंग. चित्रपट आवडलेले आणि न आवडलेले, सगळेच ह्याची आठवण काढतात. डोक्यावर टोपी घातलेला एक सडपातळ तरुण खाणावळीत येतो, एका टेबलाशी बसतो, मद्य मागवतो. हा तरुण म्हणजेच आपली पाकोळी. आजूबाजूच्या टेबलांवर दरोडेखोर भरलेले. ते हळूहळू जवळ सरकतात, टोमणे मारतात, तिची परीक्षा पाहायला वस्तू फेकतात. मद्याचा बुधला येतो, नाणी येतात. ती जागची हलत नाही. हातातल्या जेवणाच्या काड्यांनी, नुसत्या मनगटाच्या फिरकीनं, प्रत्येकाला जागच्या जागी उत्तर देते. आवाज चढवत नाही, डोळे वटारत नाही. चेहऱ्यावर एकच भाव : माझं काम आहे, ते मी करून जाणार.

बाई गं, हे पाहताना अंगावर काटा येतो. भरलेल्या एस.टी.त किंवा कचेरीत बाईनं एकटीनं जाऊन बसायचं, चारी बाजूंच्या नजरा झेलायच्या आणि चेहरा मात्र शांत ठेवायचा, हे आपल्यातल्या कुणाला नवं आहे? तलवार नसते एवढाच फरक.

ह्या भूमिकेत चेंग पे-पे नावाची नटी आहे, तेव्हा जेमतेम विशीची. जन्म शांघायचा, १९४६ सालचा. लहानपणी ती बॅले शिकली होती, लढाईची विद्या नव्हे. किंग हूंना नेमकं तेच हवं होतं. आपल्याला मारामारीतलं काही कळत नाही, पडद्यावर दाखवतो ती पेकिंग ऑपेरातून आली आहे, असं ते सांगत. पेकिंग ऑपेरा म्हणजे चिनी संगीत नाटक म्हणा ना. त्यात लढाई ताल-ठेक्यावर होते : ढोल-झांजांचा गजर, एक झपाटा, मग एकदम थांबून घेतलेली ऐट, पुन्हा झपाटा. चित्रपटातल्या झुंजी बसवणारे हान यिंग्ज्येसुद्धा त्याच रंगभूमीवर तयार झालेले.

हे ठाऊक नसलं की पाहणाऱ्यांची मतं फाटतात. आमच्या भिशीतल्या आठ जणींनी मागच्या महिन्यात हा चित्रपट एकत्र बसून पाहिला. त्यातल्या सर्वांत तरुण सूनबाईंना मारामारी अगदीच संथ वाटली. “आताच्या चित्रपटात एवढ्या वेळात चार इमारती पडल्या असत्या,” म्हणाल्या. निवृत्त शिक्षिका असलेल्या वहिनी मात्र खुर्चीच्या टोकावर येऊन बसलेल्या. त्यांचं म्हणणं, अहो, ही मारामारी नव्हेच, हे नृत्य आहे, वार होण्याआधी जी शांतता आहे ती ऐका. मी वहिनींच्या बाजूची. पण सूनबाईंचंही अगदीच खोटं नाही. आज तारांवर लटकून उडणारी माणसं पाहायची सवय झालेल्या डोळ्यांना इथली तलवार साधी वाटणारच.

खरं भांडण पुढेच लागलं, आणि ते ह्या चित्रपटाच्या प्रेक्षकांत सगळीकडेच होतं. चित्रपटाच्या मध्यावर पाकोळी दरोडेखोरांच्या अड्ड्यात, एका मंदिरात, एकटीनं शिरते. दोन आखूड तलवारी घेऊन घोळक्याशी लढते. आणि तिला विषारी बाण लागतो. तिला वाचवतो कोण? खाणावळीत गाणी म्हणत, भीक मागत फिरणारा एक दारुडा, ज्याला सगळे ‘दारुडं मांजर’ म्हणतात. हा खरं तर मोठा गुरूचा चेला निघतो. इथून पुढे गोष्ट त्याची होते. त्याचा गुरुबंधू, त्यांचं जुनं वैर, गुरूची काठी, त्याची मंत्रशक्तीसारखी विद्या. पाकोळी शेवटच्या लढाईत आपल्या बायकांच्या तुकडीचं नेतृत्व करते खरी, पण मोठा सामना तिच्या वाट्याला येत नाही.

“झालं! बाईला आजारी पाडलं आणि बाप्याला मोठं केलं. नेहमीचंच!” बँकेत नोकरी करणाऱ्या एकीनं चहाचा कप आपटला. तर तिच्या सासूबाई म्हणाल्या, “विषाचा बाण लागल्यावर कुणीही पडेल. मदत घेतली म्हणून ती लहान झाली का?” सासूसुनेचं असं जाहीर दुमत आमच्या भिशीत पहिल्यांदाच झालं!

मला विचाराल, तर सूनबाईंची तक्रार गोष्टीपुरती सोळा आणे खरी आहे. एवढंच की फसवणूक इंग्रजी नावानं केली आहे. मूळ चिनी नावाचा अर्थच ‘थोर दारुडा वीर’ असा आहे. म्हणजे पाटी पहिल्यापासून त्याच्याच नावाची होती, घर मात्र तिनं भरलं. आज अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर लोक आठवण काढतात ती त्या खाणावळीतल्या स्थिर चेहऱ्याची. त्याच्या मंत्रशक्तीच्या झुंजी बऱ्याच जणांना विसरायला होतात, आणि मला तर त्या आता थोड्या हास्यास्पदच वाटतात. हातातून धूर काय, वारा काय!

सासूबाईंच्या बाजूनंही एक मुद्दा आहे. तो दारुडा तिला वाचवतो, पण त्याची किंमत मागत नाही. ‘आता तलवार ठेव आणि माझ्याशी लग्न कर’ हा आपल्या ओळखीचा शेवट इथे नाही. दोघांमध्ये आदर आहे, थोडी ओढही असेल, पण वरात निघत नाही. तिचं काम भावाला सोडवण्याचं, ते ती पुरं करते.

तक्रारीला खरी जागा आहे ती दोन वर्षांनी आलेल्या पुढच्या चित्रपटात. १९६८ साली त्याच कंपनीनं ‘गोल्डन स्वॅलो’ काढला, म्हणजे सोनेरी पाकोळीच. दिग्दर्शक बदलले, चांग चेह आले. आता नाव तिचं, आणि गोष्ट मात्र जिमी वँग यू ह्या नटानं केलेल्या एका रागीट तलवारबहाद्दराची! तो माणसं मारत सुटतो, मागे तिची खूण ठेवतो, कशासाठी, तर तिनं शोधत यावं म्हणून. पाकोळी दोन पुरुषांच्या मध्ये उभी राहून दोघांकडे पाहत राहते. चित्रपट गाजला, रंग सुंदर आहेत, जिमी वँग यूचे चाहते त्याला डोक्यावर घेतात. मला तो पाहताना चिडायलाच झालं. लग्नपत्रिकेवर वधूचं नाव ठळक छापावं आणि मांडवात तिला पाणी द्यायला उभं करावं, तसं.

चेंग पे-पे पुढे लग्न करून अमेरिकेला गेली आणि बरीच वर्षं पडद्यापासून जवळजवळ दूर राहिली. हेही ओळखीचं, नाही का? पण इथे गोष्ट संपत नाही. २००० साली अँग ली ह्यांचा ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ आला, ज्याला पुढच्या वर्षी चार ऑस्कर मिळाली. त्यात ती पुन्हा तलवार घेऊन उभी राहिली, ह्या वेळी खलनायिका म्हणून. तिचं नाव जेड फॉक्स. नायकाच्या गुरूला विष घालून मारलेली बाई.

त्या चित्रपटावरही मतं दुभंगलेली होतीच. पश्चिमेकडचे प्रेक्षक वेडे झाले. चिनी बोलणाऱ्या प्रेक्षकांतले पुष्कळ मात्र ‘ह्यात विशेष ते काय?’ म्हणाले, आणि मुख्य नटनट्यांच्या उच्चारांना हसले. ते असो. मला सांगायचं आहे ते जेड फॉक्सबद्दल. तिनं गुरूला का मारलं? तो तिला शय्येवर घ्यायला तयार होता, विद्या द्यायला तयार नव्हता. मग तिनं पोथी चोरली. पण तिला नीट वाचता येत नव्हतं, म्हणून ती नुसती चित्रं पाहून शिकली. तिची शिष्या मात्र मोठ्या घरची, शिकलेली. तिनं मजकूर वाचला, गुरूपेक्षा पुढे गेली आणि ते वर्षानुवर्षं लपवून ठेवलं.

ज्यांना वाटतं की तलवारीच्या चित्रपटात आपल्यासाठी काही नाही, त्यांनी हा भाग पाहावा. वाचता न येण्याचं दुःख आमच्या आज्यांनी आयुष्यभर उराशी बाळगलं. ह्या बाईनं त्याचं विष केलं. ती दुष्ट आहेच, पण तिचा राग मला कळतो. चौतीस वर्षांपूर्वी खाणावळीत शांत बसलेला तोच चेहरा इथे सुरकुतलेला, कडवट पाहिला की घशाशी येतं. दिग्दर्शकानंही जुन्याची आठवण ठेवली आहे : तिची तरुण शिष्या पुरुषी वेषात एका खाणावळीत शिरते आणि तिथल्या सगळ्या बढाईखोरांना धूळ चारते. जुना चित्रपट आधी पाहिला असेल तर तो प्रसंग दुप्पट आवडेल.

चेंग पे-पे जुलै २०२४ मध्ये गेली. शेवटच्या वर्षांतही कामं करत होती. २०२० च्या ‘मुलान’मधली लग्न जुळवणारी बाई तीच.

पाहणार असाल तर दोन सूचना. ‘कम ड्रिंक विथ मी’ जेमतेम दीड तासाचा आहे, पण संवाद चिनी आणि खाली इंग्रजी अक्षरं, म्हणून पालक निवडत पाहायचा हा चित्रपट नाही. स्वयंपाक आवरून, हात पुसून बसा. रक्त आहे, दरोडेखोर क्रूर आहेत, तेव्हा अगदी लहान मुलांना झोपवून मग लावा. आणि जुनी, फिकट पडलेली प्रत मिळाली तर ती सोडून द्या. शॉ ब्रदर्सचे चित्रपट नंतर स्वच्छ करून पुन्हा काढले गेले आहेत. त्या प्रतीत रंग कसे उठून दिसतात!

पाहून झालं की मला कळवा, तुम्ही सूनबाईंच्या बाजूच्या की सासूबाईंच्या. आमच्या भिशीत अजून निकाल लागलेला नाही, आणि पुढची भिशी माझ्याकडे आहे.